कपाटामागचा लाल बोळ

चाचांना कुठंही बसायला सांगा, ते आधी तळहातानं बैठक दाबून बघायचे. सोफा असो, एसटीचं सीट असो, नाहीतर डॉक्टरांकडचं तपासायचं टेबल असो. दाबायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "ह्यात जान न्हाई."

देगलूरला माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाला लागूनच त्यांचं गादीचं दुकान होतं. आता ते बीदरला लेकीकडं असतात. तेव्हा दुपारी गिऱ्हाईक नसलं की दाढीत अडकलेल्या कापसासकट माझ्याकडं येऊन बसत. तुमच्याही गल्लीत असा एखादा शेजारी असेल, ज्याला आपलं काम सोडून बाकी सगळ्यांच्या कामात रस असतो.

एकदा बस स्टँडमागच्या वकीलसाहेबांचा कॉम्प्युटर दुरुस्तीला आला. नीट चालतो का बघायला मी त्यातला एक गेम लावला. त्यात एक पोरगी झोपते आणि आपण तिला तिच्या स्वप्नात फिरवायचं. मारामारी नाही, पळापळ नाही. छतातून पाय लोंबतायत, विहिरीतून जिना वर चाललाय, असला सगळा प्रकार.

चाचांनी पडद्यावरच्या पलंगाकडं बोट केलं. "गादी बघ, फोमची हाय. म्हणून असली सपनं पडून राहिली पोरीला."

त्या दिवसापासून तिला फिरवायचं काम चाचांनी आपल्याकडं घेतलं.

एका दुपारी पोरगी स्वप्नातल्या कपाटाला धडकली आणि सरळ भिंतीतच शिरली. आत लांबलचक लाल बोळ. भिंती श्वास घेतल्यासारख्या हलत होत्या. संगीत एकदम बंद. पार टोकाला कुणीतरी उंच, आपल्याकडं पाठ करून उभं. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

चाचांनी टोपी नीट केली आणि पडद्याला म्हणाले, "सलाम वालेकुम."

ते पाठ करूनच उभं.

"बहिरं दिसतंय." त्यांनी पोरीला मागं वळवलं, तर मागची भिंत बंद. चाचांचा चेहरा उतरला. "आता हिला कसं काढायचं रे?"

"बंद करतो चाचा. खेळच तर आहे."

"असं कसं बंद करतो? पोरगी आत हाय!"

शेवटी कॉम्प्युटर रात्रभर तसाच चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब तो न्यायला येणार होते. चाचा सकाळीच चाचींना घेऊन हजर. चाची गाद्यांना टाके घालायच्या. त्यांनी पडदा निरखून बघितला आणि चाचांवरच डाफरल्या, "डरते कायकू जी? रस्ता पूछो उसकू!"

चाचांनी डोळे मिटून बटण दाबून धरलं. पोरगी चालायला लागली.

"आलं का? आलं का?" ते विचारत राहिले.

ते उंच काहीतरी हळूच वळलं. त्याला तोंडच नव्हतं. तोंडाच्या जागी एक दार. चाचींनी किंचाळून चाचांची बाही ओढली आणि चाचा स्टुलासकट आडवे झाले, कीबोर्ड छातीवर. पण बटण सोडलं नाही. पोरगी त्या दारातून गेली ती थेट आपल्या पलंगावर.

"निकली बाई!" म्हणून चाची हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

दुपारी वकीलसाहेब आले. चाचांनी कॉम्प्युटर छातीशी धरून स्वतः रिक्षात ठेवला आणि रिक्षावाल्याला हळू आवाजात म्हणाले, "खड्डे बघून चालव. आत लेकरू झोपलंय."

रिक्षावाल्यानं वकीलसाहेबांकडं बघितलं, वकीलसाहेबांनी माझ्याकडं. मी आभाळाकडं.

रिक्षा मात्र खरोखरच हळू गेली. चाचा वळणापर्यंत तिच्या मागं चालत गेले.