फोन न उचलण्याचे सहा दिवस

गावोगावचे हातपंप दुरुस्त करण्याचं माझं काम. आरमोरीहून निघालो की भामरागडकडच्या जंगलात आठ-आठ दिवस जातात. त्या खेपेला निघालो त्या दिवसापासून बायकोने फोन उचलला नाही. रेंजसाठी मी रोज टेकडी चढायचो. रिंग पूर्ण वाजून बंद व्हायची. मोहफुलं वेचायला ती पहाटे जंगलात जाते आणि आमच्या बाजूला वाघ फिरत होता. सहाव्या दिवशी पंप उघडाच टाकून मी बस धरली.

घरी पोचलो तर ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. फोन बाजूलाच, चालू.

"काऊन उचलला नाई?"

"मागच्या साली पोरगी तापानं फणफणत होती. एकटीनं गडचिरोलीले दवाखान्यात नेली. सहा दिवस तुमचा फोन नाई."

"तिथं रेंज नव्हती."

"टेकडी तवाही होती." तिने आवाज चढवला नाही. "सहा दिवस झाले. आता उचलीन."

तिचं खरं होतं, म्हणून राग जास्तच आला. ती विहिरीवर गेली तेव्हा मी तिच्या फोनमधलं सिम काढून खिशात घातलं आणि सकाळी परत कामावर गेलो. पान्याने नट आवळताना, ती फोन उलटसुलट करून बघत असेल, असं मनात यायचं आणि बरं वाटायचं. मुलीला काही झालं तर, असंही यायचं. ते मी बाजूला सारायचो.

आठ दिवसांनी परतलो तर ओसरीवर सासूबाई, पाय सुजलेले. मुलचेऱ्याहून बस बदलत आल्या होत्या.

"पोरीचा फोन लागून नाई राह्यला म्हून आली, जवाई."

"बिघडला होता, माय," बायको चहा देत म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. आईसमोर तिने माझी अब्रू राखली, आणि खरं सांगतो, त्याचाही मला रागच आला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी सिम तिच्यासमोर ठेवलं.

"भरलं मन?" तिने विचारलं.

"नाई."

"माहं बी नाई."

माफी कुणीच मागितली नाही. सासूबाई चार दिवस राहिल्या. तेवढे दिवस आम्ही दोघंही त्यांच्याशीच बोलत होतो.