वीस पायऱ्या खाली

गेलं वर्षभर मी आणि महादेव एकमेकांशी बोलत नव्हतो. म्हणजे तो काही बोलत नसतोच, पण मीही बोलणं सोडलं होतं, आणि चूक सगळी माझी होती. मी राहते बदलापूरला आणि एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत सहलींवर लिहिते. सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येता येईल अशी ठिकाणं शोधायची, जाऊन यायचं आणि लिहायचं. नोकरी नाही, हजेरी नाही, आपल्या मर्जीचं काम. बारा वर्षं हे आनंदानं केलं. निघायच्या आधी माझा एक नेम असायचा. देव्हाऱ्यातल्या पिंडीपुढे कोरी वही ठेवायची आणि म्हणायचं, "चल, ने मला." आणि तो न्यायचा हो! किल्ले, लेणी, धबधबे, कुणाच्या शेतावरचा हुरडा, सगळीकडे नेलं. कधी वाट चुकले तर कुणीतरी भेटायचं, कधी भूक लागली तर कुणीतरी ताट वाढायचं. मी ते सगळं लिहायची आणि लोक कौतुक करायचे.

मग एकदा गडावरून उतरताना पाय घसरला आणि मनगट मोडलं. मनगट दोन महिन्यांत जुळलं, पण भीती काही गेली नाही. गंमत म्हणजे चढायला मला काहीच वाटत नसे. उतरायचं म्हटलं की मात्र पाय लटपटायचे, तळव्यांना घाम फुटायचा. आमच्या इमारतीचा जिनासुद्धा मी दोन्ही हातांनी कठडा धरून, आडवी होऊन, खेकड्यासारखी उतरायची. कुणी वरून आलं तर मोबाइल बघायचं नाटक करत थांबायची. सहलींवर लिहिणारी बाई जिना उतरायला घाबरते, हे सांगणार कुणाला? आमच्या ह्यांनाही मी "गुडघा कुरकुरतोय" एवढंच सांगितलं होतं.

मग मी काय केलं, तर घरूनच लिहायला लागले. जुन्या वह्या काढल्या, लोकांनी काढलेले व्हिडिओ बघितले आणि दिले ठोकून लेख. कोंडेश्वरच्या धबधब्याखाली मी यंदा चिंब भिजले ती आमच्या सोफ्यावर बसून, हातात उपम्याची बशी घेऊन. वाचकांची पत्रं यायची, "ताई, तुमच्याबरोबर आम्हीही भिजलो." वाचून इतकी लाज वाटायची की पत्र घडी करून खणात टाकायची. पिंडीपुढे वही ठेवणं तर बंदच झालं होतं. ने मला, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? मी जातच कुठे होते? सकाळी दोन फुलं वाहायची आणि नजर चुकवून ओट्याकडे वळायचं.

महाशिवरात्रीच्या आधी पुरवणीच्या संपादक मुलीचा फोन आला. म्हणाली, "मॅडम, अंबरनाथचं शिवमंदिर. तुमच्या अंगणातलंच आहे, झोपेतसुद्धा लिहाल." आणि मी जवळजवळ झोपेतच लिहिलं. खरं सांगायचं तर इतकी वर्षं शेजारच्या गावात राहून मी त्या देवळाच्या गाभाऱ्यात कधी गेलेच नव्हते. पाहुण्यांना बाहेरचं कोरीवकाम दाखवायचं आणि आतली रांग बघून "आपण इथूनच हात जोडू" म्हणायचं, मग उसाचा रस पिऊन परत यायचं. जवळचं आहे, केव्हाही जाता येईल, असं म्हणत राहून गेलेलं. गाभाऱ्याला वीसेक पायऱ्या आहेत, असं कुठंतरी वाचलं होतं. लेखाचा शेवट मी असा केला, की वीस पायऱ्या चढून धापा टाकत मी गाभाऱ्यात पोचले, पिंडीवर हात ठेवला आणि सगळा शीण गेला. महादेव म्हटला की तो उंचावर बसलेला असणार, हे मी गृहीतच धरलं होतं. गुरुवारी सकाळी लेख पाठवून दिला आणि मोकळी झाले. पान शुक्रवारी दुपारी छपाईसाठी लागणार होतं.

आमच्या ह्यांनी तीस वर्षं अंबरनाथला कारखान्यात नोकरी केली. दर सोमवारी पहिली पाळी सुटली की देवळात जाऊन मगच घरी यायचे. त्याच सकाळी चहा घेता घेता त्यांनी तो लेख वाचला आणि असे हसले, असे हसले, की त्यांना ठसकाच लागला. "अगं, चढतेस कुठे? तिथं खाली उतरायचं असतं!" मग हसू आवरून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तू आत कधी गेलीच नाहीस?"

चोरी पकडली गेली की माणूस चिडतो, तशी मी चिडले. तुम्हीच काय ते एकटे भक्त, नुसते दोष काढा, असं नाही नाही ते बोलले. कॉम्प्युटर उघडला. एक वाक्य बदलून कळवायचं होतं, बस. चढले ऐवजी उतरले. कुणालाही कळलं नसतं. पण हात पुढे होईना. समोर देव्हारा दिसत होता आणि त्यात ती बोटभर उंचीची पिंडी. मला एकदम वाटलं, हाही हसतोय. अख्ख्या पंचक्रोशीत जिथं पायऱ्या उतरल्याशिवाय तो भेटत नाही, तिथंच मी खोटी खोटी चढून आले होते. मी उठले, पर्स घेतली, चपला घातल्या. हे म्हणाले, "थांब, मीही येतो." मी म्हटलं, "काही नको. मला पाय आहेत." केवढा तो ताठा! जिना मात्र कठडा धरूनच उतरले.

रिक्षानं शिवमंदिराशी पोचले तेव्हा अकरा वाजले होते. जत्रेच्या दुकानांचे बांबू पडले होते, पण गर्दी नव्हती. बाहेर बेल-फुलं घेतली आणि काळ्या दगडाच्या त्या सभामंडपात शिरले. आत गारवा होता, ओल्या फुलांचा वास होता. समोर गाभाऱ्याचं दार आणि दारातून खाली जाणाऱ्या पायऱ्या. लोकांच्या तांब्यातलं पाणी आणि दूध सांडून त्या चकचकत होत्या. मी पहिल्या पायरीशी उभी राहिले आणि माझे पाय जे थिजले, ते थिजलेच. मागून लोक यायचे, मी बाजूला व्हायची, "जा तुम्ही, जा पुढे." पुन्हा पुढे व्हायची, पुन्हा मागे. अर्धा तास हा खेळ चालला होता. शेवटी खांबाला टेकले आणि मला रडूच फुटलं. मनात म्हटलं, वर बसला असतास तर आले असते की रे. मला नाही जमत खाली यायला. मी खोटारडी आहे, भित्री आहे, आणि आता माझ्यानं पुढचं काही होत नाही. वर्षभरात त्याच्याशी बोललेलं हे माझं पहिलं खरं वाक्य असेल.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या दंडाला हात लावला. एक म्हातारी बाई होती, इकडच्याच गावातली. गुडघ्यापर्यंत लुगडं, केसांत पिवळं फूल, हातात पाण्याचा तांब्या. म्हणाली, "बाय, मना जरा हात दे गं. आत मना काय दिसत नाय. मना खाली ने." मी म्हणणार होते की मावशी, दुसऱ्या कुणाला सांगा. पण तिनं हात धरलासुद्धा आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. आता नाही कसं म्हणायचं?

मग मी तिला सांगायला लागले. "मावशी, ही पहिली पायरी, रुंद आहे. पाय टाका. आता दुसरी, इथं पाणी आहे, भिंतीला धरून या. तिसरीवर बेलाचं पान पडलंय, जपून." ती विचारायची, "आता काय हाय?" आणि मी सांगायची. दगड कसा आहे, किती झिजलाय, उजेड कुठून येतोय. बारा वर्षं मी हेच तर करत आले होते. ज्यांना ते ठिकाण दिसत नाही त्यांना ते शब्दांत दाखवणं, हेच माझं काम. ते सांगण्याच्या नादात पाय लटपटायचे राहून गेले. सतरा, अठरा, एकोणीस... आणि पायाला एकदम सपाट ओली जमीन लागली. आम्ही खाली पोचलो होतो. वरून उजेडाचा झोत येत होता आणि बरोबर खाली, जमिनीच्या पोटात, तो बसला होता. मावशीनं तांब्यातलं पाणी घातलं. मी पिंडीवर हात ठेवला. गार होती. लेखात लिहिलं होतं तसा शीण वगैरे काही गेला नाही, उलट मी ढसाढसा रडले आणि मग मला हसू आलं. मावशी मला रडू देत म्हणाली, "रर, रर. त्यो काय कोनाला सांगत नाय."

बाहेर आल्यावर ती कुठंतरी दिसेनाशी झाली. मी चपला घालून फुलांच्या दुकानांपुढून निघाले, तर एका दुकानात मावशी मांडी घालून बसलेली! चष्मा नाही, काही नाही. सुई डोळ्यांसमोर धरली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका फटक्यात सुईत दोरा ओवला. मी बघतच राहिले. "मावशी! तुम्हाला तर दिसतंय की!" तिनं मोगऱ्याची कळी ओवली आणि मान वर न करता म्हणाली, "इथं दिसतंय गो. आत मना दिसत नाय." तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी पुढे काही विचारलं नाही आणि आजवर विचारलेलं नाही.

तिथंच एका कट्ट्यावर बसून मी लेख पुन्हा लिहिला. संपादक मुलीला फोन करून घरबसल्या लिहिलेल्या सगळ्या लेखांचं सांगून टाकलं. तिनं आधी एकेका लेखाचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, मला राग आलाय. हे वाचकांना तुम्हीच सांगायचं." ते मी त्याच लेखात सांगितलं. काही पत्रं फार कडक आली, ती मी खणात नाही टाकली, प्रत्येकाला उत्तर लिहिलं. माझं सदर राहिलं, ही देवाची कृपा आणि त्या मुलीचं मोठं मन. ह्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात माझ्या एक पायरी पुढे चालायला लागले, एवढंच.

देवाला शरण जायचं म्हणजे आपण काहीतरी मोठं करून, वर चढून, त्याच्यापर्यंत पोचायचं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपल्याच्यानं होत नाही हे कबूल केलं की तो कुणाचा तरी हात पाठवतो, आणि तो हात मदत मागणाऱ्याचाही असू शकतो. वही पुन्हा पिंडीपुढे ठेवते. उतरताना एक हात अजूनही कठड्यावर असतो, पण मी उतरते.

परवा सोमवारी पुन्हा शिवमंदिरात गेले होते. पहिल्या पायरीशी उल्हासनगरची एक सिंधी बाई उभी होती, माझ्याच वयाची. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात पूजेची थाळी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना म्हणत होती, "आप जाओ, आप जाओ." मी थोडा वेळ बघितलं. मग चष्मा काढून पर्समध्ये टाकला, तिच्या दंडाला हात लावला आणि म्हटलं, "बहनजी, जरा हाथ दोगे क्या? अंदर मेरे को कुछ दिखता नहीं."