पहिली फणी

"आंघोळीलाही आरक्षण लागतं का रे तुला?"

वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये सर सगळ्यांसमोर म्हणाले. वर्ग हसला. माझा जोडीदार इरफान हसला नाही.

आमच्या बौद्धवाड्यातून कॉलेजात आलेला मी पहिला. सरांनी एका वाक्यात माझी जातही काढली आणि मळका शर्टही. जातीचा टोमणा लगेच ओळखला. मळक्या शर्टावरून मारलेला आळसाचा टोमणा मात्र खरा वाटला.

मला स्किझोफ्रेनिया आहे. जळगावच्या या कॉलेजात हे कुणालाच सांगितलं नव्हतं. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले. पण सकाळी बादली भरलेली असते आणि हात उचलत नाही. दुःख नसतं. कंटाळाही नसतो. आतून कुणी 'चल' म्हणत नाही, एवढंच. डॉक्टर म्हणाले होते, हाही आजारच. मी विश्वास सरांवर ठेवला.

सुट्टीत रावेरला गेलो. आई केळीच्या पॅकिंगला जाते, तिने मलाही नेलं. पाण्याच्या टाकीपाशी मी नुसता उभा.

मुकादम म्हणाला, "अक्का, खांब रोवाले आनला का?"

आईने घडाची एक फणी कापून माझ्या हातात ठेवली. मी धुतली. पुढे सरकवली. दुसरी आली. संध्याकाळपर्यंत हात थांबले नाहीत.

घरी येताना आई म्हणाली, "तू आळशी नही रे बाबू. पहिली फणी कोनी हातात देली, का तू चालतो."

कॉलेज उघडल्यावर इरफानला सगळं सांगितलं. तो सकाळी खोलीवर येऊन तांब्या हातात द्यायचा. "धरा राजेसाहेब." बाकीचं मी करायचो. काही दिवस तरीही जमायचं नाही.

अशाच एका दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. माझा मळका शर्ट बघून सर म्हणाले, "परीक्षेला तुला बसवणार नाही. बाहेर हो."

मी टेबलापाशीच उभा राहिलो.

"सर, मला स्किझोफ्रेनिया आहे. पहिली वस्तू इरफान हातात देईल. पुढचं मी करीन."

"हे कॉलेज आहे. बालवाडी नाही."

मागे कुणीतरी हसलं.

"आंघोळीचं आरक्षण मी मागितलं नव्हतं, सर. परीक्षा मागतोय. मी बाहेर जाणार नाही."

इरफानने देठ आणि ब्लेड माझ्या हातात दिलं. पहिला छेद जाड आला. दुसरा घेतला.

सर काय करतील, माहीत नाही. उद्या मला उठता येईल की नाही, तेही माहीत नाही. उद्या नाही तर परवा येईन. मळक्या शर्टात येईन. याच टेबलापाशी उभा राहीन.