चिमणी छापाचे फ्रॉक

आम्हा परभणीकरांना एक म्हण फार प्यारी: जगात जर्मनी, भारतात परभणी. ही म्हण छाती फुगवून म्हणायची आणि लेकीला फ्रॉक घ्यायची वेळ आली की दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा, मुंबईचा आहे ना? मी या प्रश्नाच्या वाटेला गेले आणि हात पोळून घेतले.

तेव्हा मी तिशीच्या आत होते. नवरा कृषी विद्यापीठात कारकून, घरात पायमशीन, आणि शिवणाच्या सरकारी वर्गात शिकलेलं सगळं मला पाठ. शेजारपाजारचे ब्लाउज शिवून शिवून वीट आला होता. बाईनेच कापड आणायचं, तिनेच गळा सांगायचा, आणि बिघडलं की खापर माझ्या डोक्यावर. मला माझ्या मनाने काहीतरी शिवायचं होतं. मुंबईहून येणारे फ्रॉक मी दुकानात उलटे करून पाहिले. वरून झालर आणि लेस, आत शिलाईला बोटभरही कापड सोडलेलं नाही. आमच्याकडे फ्रॉक काय एका वर्षासाठी घेतात? थोरलीच्या अंगावर तो दोन दिवाळ्या काढतो, मग धाकटीला जातो. म्हणून मी कमरेला आतून दुमड ठेवली आणि खाली चार बोटं रुंद पट्टी. पोर वाढली की आईने उसवायचं, फ्रॉकही वाढतो. एवढीच माझी अक्कल, पण ती माझी होती.

नाव ठेवलं ‘चिमणी’. नवऱ्याचा एक मित्र मुंबईला निघाला होता, त्याला गळ्याला लावायची विणलेली लेबलं आणायला सांगितली. त्याने विचारलं, अक्षरं कोणत्या रंगात? मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, निळ्या. दुसरा रंग डोक्यात आलाच नाही. आमची दारं निळी, खिडक्या निळ्या, जयंतीच्या पताका निळ्या. लाल म्हणाली असतीस तर आज कुठल्या कुठे गेली असतीस, असं पुढे कितीतरी लोकांनी मला ऐकवलं. जसं काही मी रंग निवडण्यात चुकले होते.

लेबलं आली. पांढऱ्या फितीवर निळी चिमणी, खाली बारीक अक्षरांत परभणी. पहिलं लेबल लावताना मला हसू आवरेना. नवऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, कारखानदारीण झाले.

बाजारपेठेतल्या एका रेडीमेडच्या दुकानदाराने माल हातात घेतला, आत बोटं घालून शिलाई तपासली आणि सगळा ठेवून घेतला. माणूस वाईट नव्हता. हे मी आजही म्हणते, आणि म्हणूनच राग जास्त येतो. थोड्या दिवसांनी त्याने बोलावून घेतलं. न विचारता चहा मागवला, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. म्हणाला, बाया फ्रॉक उचलतात, घेर बघून खूश होतात, मग गळा उलटून लेबल बघतात आणि खाली ठेवून देतात. नामांतराचा ठराव झाल्यावर गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या, त्याला पाच-सहा वर्षंच झाली होती. निळा रंग कुणाचा, हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

“ताई, माल एक नंबर आहे,” तो म्हणाला. “हे लेबल तेवढं काढा. मी मुंबईचं लावून घेतो. दिवाळीला द्याल तेवढा माल खपवून देतो.”

मी गठ्ठा उचलून घरी आले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, धंद्यात डोकं थंड ठेवावं लागतं. हा माणूस नामांतराच्या सभेत पहिल्या रांगेत बसायचा, मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचा. मी म्हटलं, बाहेर नावासाठी ओरडता आणि बायकोने ठेवलेलं नाव घरात कातरायला सांगता? त्याने भातावर ताक मागितलं. पुढे चार दिवस आमचं बोलणं ताटात काय हवं-नको एवढ्यापुरतंच होतं.

मग मी हट्टाला पेटले. दुकान गेलं खड्ड्यात, आपली वस्ती आहे की! दारात दोरी बांधून फ्रॉक टांगले, लेबल दिसेल असे. बाया येत, घेराला हात लावत, लय चांगलं शिवलंय म्हणत आणि बघू म्हणून निघून जात. बघू म्हणजे नाही, हे मला कळत होतं. का नाही, ते कळत नव्हतं. दसरा झाला. खाटेवर बसायला जागा उरली नाही इतका माल साचला. शेवटी ब्लेड घेऊन बसले आणि एकेका गळ्याचं लेबल उसवलं. रडले नाही, दातओठ खात उसवलं. मनाची समजूत घातली की ही एक दिवाळी जाऊ द्यावी. बायांना माल कळला की पुढच्या खेपेला लेबलासकट देऊ, आणि निदान आपली माणसं तरी नाव घेऊन मागतील. त्या दिवाळीत दुकानातले माझे फ्रॉक हातोहात खपले.

दिवाळीनंतर, शाळेच्या गॅदरिंगच्या आधी, मागच्या गल्लीतली एक बाई लेकीला घेऊन आली. जिंतूरकडच्या एका खेड्यात तिचं घर जाळलं तेव्हा ती अंगावरच्या लुगड्यानिशी परभणीला आलेली. नवरा स्टेशनवर हमाली करायचा. पोरीच्या अंगावर माझाच फ्रॉक होता, गळ्याला मुंबईचं लाल लेबल. वाढत्या अंगाचा म्हणून मोठा घेतला होता, तो कमरेत आवळून हवा होता. मला वाटलं, हिला बिचारीला ठाऊकच नाही. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, अगं, हा मी शिवलेला आहे, माझ्या दारात टांगलेला होता, स्वस्तात पडला असता.

“ठाव हाय मला, आक्का,” पोरीला माझ्याकडे पाठमोरी करत ती म्हणाली. “आत येवढी दुमड आनिक कोन सोडतंय? दुकानातच वळखला मी.”

“मग माझ्याकडून का नाही घेतलास?”

“तुमच्याला निळं लेबल व्हतं.” तिने लेकीचा गळा नीट केला. “शाळंत पोरी येकमेकीचा गळा उलटून बघत्यात. हिला अजून कुनी इचारलं न्हाई, तू कुनाची म्हून. जितके दिस इचारत न्हाईत तितके दिस बरं.”

दुकानदारासाठी माझ्याकडे शिव्या होत्या, नवऱ्यासाठी टोमणे होते. हिला काय बोलणार होते? पेटलेल्या घरांबद्दल मी ऐकलं होतं, हिने आपलं पेटताना पाहिलं होतं. संताप तर अनावर झाला होता, आणि तो काढायला समोर एक घाबरलेली बाई आणि तिची दुसरीतली पोर. मी मशीनवर बसले, दोन्ही बाजूंनी टीप मारून कंबर बसवून दिली.

कनवटीला हात घालत तिने विचारलं, किती द्यायचे? मी म्हटलं, राहू दे, माझ्याच मालाची दुरुस्ती, तिचे पैसे कसले.

ती उंबऱ्यात थबकली. पोर ऐकत होती, म्हणून तिने आवाज खाली आणला.

“तसं म्हनू नका, आक्का. मुंबईचा हाय त्यो. कुनी इचारलं तर तुमीबी तसंच सांगा.”

मी बरं म्हटलं.