दगडूच्या मॉरिसची चाकं

मिठागरवाल्या शेठने म्हातारपणी आपली जुनी मॉरिस ड्रायव्हरला, म्हणजे दगडूला, देऊन टाकली तेव्हा भाईंदरचा सगळा कोळीवाडा म्हणाला, दगडूचं नशीब उघडलं. उघडलं ते त्याच्या घराचं दार, आणि ते पुन्हा कधी नीट मिटलं नाही. कुणाला कळा आल्या, दगडू. कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, दगडू. कुणाची वरात, तरी दगडूच. बोरिवलीच्या दवाखान्यापर्यंत नेणारी वाड्यात एवढी एकच गाडी, आणि ती हाकणारा एकच माणूस. आता दुसऱ्या कुणाला त्याने शिकवलं नाही, ही मात्र त्याचीच चूक. स्टिअरिंगला परका हात लागला की त्याच्या पोटात दुखायचं.

पण शहात्तर साल येईतो दगडू दमला. नुसता दमला नाही, विटला. क्लच दाबून दाबून डावा गुडघा धरायचा. ताटावर बसला तरी कान दाराकडे. बायको, कृष्णाबाई, कावायची, "सांग ना एकदाचं, आता जमत न्हाय म्हून!" पण ज्या वाड्याने इतकी वर्षं दादा म्हटलं, त्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

शेवटी खाऱ्या वाऱ्यानेच त्याची बाजू घेतली. मिठागरांच्या कडेने धावून धावून चाकांचा पत्रा गंजला, बोल्टांची भोकं मोठी झाली, आणि एके दिवशी पेशंट सोडून परत येताना पुढचं चाक तडकलं. दगडू खाली उतरला, चिखलात बसलेल्या गाडीकडे बघत उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. इतक्या जुन्या गाडीची चाकं आता कोण देणार? सुटलो, असं तो चक्क मोठ्याने म्हणाला. ऐकायला बगळ्यांशिवाय कुणी नव्हतं.

पण वाडा कसला ऐकतोय! चार घरं फिरून वर्गणी जमली आणि देवळात ठरलं की दगडूदादाने कुर्ल्याच्या भंगारबाजारात जाऊन चाकं निवडायची. सोबतीला नाथा. नाथा जाळी विणणारा, चाळिशीचा, दहा शब्दांचं काम एका शब्दात करणारा. त्याची धाकटी पोर ह्याच मॉरिसच्या मागच्या सीटवर जन्मली होती.

चाकाचं माप घ्यायला कृष्णाबाईने जाळ्याचा सुती दोरा काढून दिला. "नायलॉन नको, ताणतं," म्हणाली. दगडूने दोरा धरला आणि नाथाने गाठी मारल्या. एका बोल्टापासून दुसऱ्यापर्यंत एक माप, मधल्या मोठ्या भोकाचं एक, आणि रिमच्या काठापासून पत्रा किती आत बसतो त्याचं एक. गाठी मारण्यात नाथाचा हात धरणारा कोळीवाड्यात कुणी नव्हता.

कुर्ल्यात पहिल्याच दुकानदाराने ढिगातून चार चाकं ओढून काढली. "लो चाचा, मॉरिस का ही है. चारों एक जैसा."

दगडू उकिडवा बसला. दोरा लावला. गाठ भोकावर बसली, दुसरी शेजारच्या भोकावर बसली. मधलं भोक बरोबर, आतलं माप बरोबर. गंजाचा ठिपका नाही. दगडाने ठोकून पाहिलं तर आवाज खणखणीत. हवं ते मिळाल्यावर माणसाचं तोंड फुलतं, ह्याचं उतरलं. डोळ्यांपुढे पुढची सगळी वर्षं उभी राहिली. दार, हाक, क्लच, गुडघा.

"न्हाय बसत," तो म्हणाला.

"अरे चाचा, ठीक से देखो तो!"

"बोला ना, नहीं बैठता."

नाथाने चाकांसाठी आणलेलं रिकामं पोतं खांद्यावर टाकलं. मग देखाव्यासाठी आणखी दोन दुकानं झाली. एकाकडच्या चाकांची भोकंच जवळजवळ. दुसऱ्याकडची बोल्टांवर बसली असती, पण टायर बाहेर येऊन मडगार्डला घासलं असतं. ह्या दोन्ही वेळचं 'नाही' खरं होतं, म्हणून ते दगडूने चांगलं खणकावून म्हटलं.

चहाच्या टपरीवर नाथा दोरा बोटाला गुंडाळत बसला होता.

"दादा, पयल्या दुकानात बसत व्हती."

दगडूने पेल्यात फुंकर मारली.

"गाठी मी मारल्या हायत," नाथा म्हणाला. "माजी गाठ कुटं बसली, ती मला दिसत न्हाय व्हय?"

"मंग तितंच का न्हाय बोललास?"

"तू दमलायस. समद्यांना दिसतंय, बोलत कुनी न्हाय. तू न्हाय म्हनलास, तर वाड्यात मी पन न्हायच सांगीन."

दगडूचे डोळे भरून आले. हे एक वाक्य ऐकायला तो किती वर्षं थांबला होता, हे त्याला आत्ता कळलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा हलकं वाटलं.

"आनि कुनाला कळा आल्या तर?"

"नेऊ डोलीत घालून. आदी नेतच व्हतो."

दगडूने चहा तसाच ठेवला आणि उठला.

"चल माघारी. चाकं घेऊ. पन गाडी तू चालवायची."

"मी? मला होडीचं सुकानू कळतं, दादा."

"कळंल हे बी. मी शिकवतो."

पुढे महिनाभर मॉरिस वाड्यात बेडकासारखी उड्या मारत फिरली आणि पोरंटोरं हसून लोळली. दगडू ओरडायचा, कपाळावर हात मारायचा, पण स्टिअरिंगकडे हात नेत नव्हता. मग एका सकाळी म्हातारी सरूबाई धापा टाकायला लागली आणि हाक दगडूच्या दाराशी आली ती नाथाने घेतली. दगडू जन्मात पहिल्यांदा डाव्या बाजूला बसला. बोरिवलीपर्यंत त्याचा पाय तिथे नसलेला क्लच दाबत राहिला.

म्हातारीला पोचवून दोघे परत निघाले. मिठागरांपाशी नाथाने विचारलं, "दादा, गेर बरोबर टाकतोय ना?"

त्याने वळून बघितलं. दगडू काचेला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपला होता. पुढे खड्डे होते. नाथाने गाडी हळू केली.