टेलिफोनवाल्या सितारामचा लॅपटॉप

पूर्णा जंक्शनात चौतीस वर्षं ज्या माणसानं रेल्वेच्या टेलिफोनची लाइन सांभाळली, त्याला कुणी "काका, एकदा बंद करून चालू करून बघा" असं सांगितलं तर त्याच्या डोक्यात सणक का जाऊ नये? सिताराम खिल्लारेच्या डोक्यात गेली. तीन दिवसांत सात वेळा गेली.

"आरं, मी चौतीस वर्षं आसं बंद-चालू खेळलो आसतो तर अकोला लाइनवर एक गाडी टायमात सुटली नसती!" तो फोनवर ओरडला. पलीकडे नागेश होता, मोहल्ल्याला नेट पुरवणारा. चाळिशीचा, तोंडात सदा सुपारी.

"काका, तुमच्या मोबाइलवर नेट चालायलंय का?"

"चालायलंय."

"मग माझ्या बाजूनं ओके हाय. लॅपटॉप गेला तुमचा. दत्ताला दाखवा."

दत्ताचं स्टेशनसमोर दुरुस्तीचं दुकान. त्याला फोन लावला तर तो जेवत होता. जेवता जेवताच त्यानं निदान केलं, "लॅपटॉपला काय होत नसतंय खिल्लारे साहेब, राउटर बदला. माझ्याकडं हाय एक नवा." म्हणजे नेटवाला म्हणणार लॅपटॉप गेला, लॅपटॉपवाला म्हणणार राउटर गेला, आणि दोघांपैकी एकानंही वस्तूला बोट लावलेलं नाही. सिताराम नोकरीत असताना कुणी असं न बघता बोललं असतं, तर त्यानं त्याला दुपारच्या उन्हात रुळाकडेनं चालत खांब मोजायला लावले असते.

त्याची रीत साधी होती. लाइन मुकी झाली की एका टोकाला जायचं, तिथं रिसीव्हर जोडून ऐकायचं. आवाज आला तर वहीत लिहायचं, "इथपर्यंत शाबूत." मग पुढचा खांब, पुन्हा जोडायचं, पुन्हा ऐकायचं. दोष कुठल्या तरी दोन खांबांच्या मधी सापडणारच, पळून कुठं जातो? त्याच्या या हट्टापायी साहेब लोक वैतागायचे, पण दोष सापडायचा. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी ती पिवळ्या पुठ्ठ्याची वही त्याच्या उशाशी होती. आता तिच्यात घरातल्या मोटारीचं, मिक्सरचं, शेजारणीच्या शिलाई मशीनचं दुखणं लिहिलेलं असायचं.

लॅपटॉप दिला होता लेकीनं, संघप्रियानं, पुण्यात नोकरीला लागल्यावर. "बाबा, वाचनालयाची यादी हाताने किती वेळा उतरवणार?" म्हणाली होती. वाचनालय म्हणजे विहाराशेजारची एक लांबट खोली. तेवीसशे पुस्तकं, सहा टेबलं, आणि सकाळपासून स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत मान घालून बसलेली पंचवीस-तीस पोरंपोरी. त्यातल्या कितीजणांच्या घरात अभ्यासाला कोपरा नव्हता. पाच माणसांची समिती होती, सिताराम त्यातला एक. या वर्षीपासून वाचनालयाचा अहवाल आणि पुस्तकांची यादी ऑनलाइन भरायची होती. मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. यादी गेली नाही तर मान्यता जाणार, आणि मान्यता गेली की त्या खोलीकडे डोळा लावून बसलेल्यांना मोकळं रान. आज बुधवार होता. सोमवारपासून लॅपटॉपवर एकही पान उघडत नव्हतं, नुसता लाल त्रिकोण यायचा.

"टेलिफोनवाले," केशरबाई मेथी निवडता निवडता म्हणाली, "साऱ्या रेल्वेच्या लाइनी नीट केल्या म्हनं तुमी. घरातली यवढीशी डबी नीट हुईना व्हय?"

सितारामनं वही काढली, चष्मा पुसला आणि राउटरपासून सुरुवात केली.

मोबाइल त्याच नेटवर जोडला. बातम्या लागल्या. "राउटरपर्यंत शाबूत." लॅपटॉप उचलून राउटरच्या पुढ्यात ठेवला, की भिंत आडवी येत असेल. नाही. वायफायच्या रेघांचा पंखा पुरा भरलेला, नेट जोडलंय म्हणून लॅपटॉप सांगतो, आणि पान मात्र उघडत नाही. मग त्यानं राउटरचं बटणच बंद केलं आणि केशरबाईचा मोबाइल मागितला.

"माझा कामून?"

"तुझ्या मोबाइलवरून लॅपटॉपला नेट देतो. त्याच्यावर बी न्हाई चाललं तर राउटर निर्दोष."

"आन् माझी माय फोन लावायलीय आत्ता."

"पाच मिनिटं थांबंल तुझी माय."

नाहीच चाललं. तेच पान, तोच लाल त्रिकोण. सितारामनं वहीत लिहिलं, "राउटर निर्दोष. नागेश निर्दोष." दुसरं वाक्य लिहिताना त्याच्या जिवावर आलं, पण खरं होतं ते लिहिलं.

आता उरला लॅपटॉप. आणि इथं सितारामला स्वतःचीच चीड आली. लाइनीचा पहिला धडा कोणता? पलीकडचा काय बोलतो ते आधी ऐकायचं. त्या लाल त्रिकोणाखाली चार ओळी इंग्रजी होत्या. तीन दिवस तो स्वतः, शेजारचे मास्तर, आल्यागेल्या सगळ्यांनी त्रिकोण बघितला की 'एरर हाय' म्हणून पान मिटवलं होतं. यंत्र बोंबलून सांगत होतं आणि एकानंही ते वाचलं नव्हतं!

त्यानं भिंग आणलं. एकेक शब्द लावत वाचलं. पान म्हणत होतं: तुमचं घड्याळ मागं पडलं आहे.

सितारामनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. दोन वाजून चाळीस. लॅपटॉपच्या कोपऱ्यात बघितलं. दोन वाजून चाळीस.

"ह्ये यंत्र लबाड बोलायलंय," तो म्हणाला. पण भिंग अजून हातात होतं, म्हणून पुढची ओळ वाचली. तिथं तारीख होती. अकरा फेब्रुवारी, मंगळवार.

"केशर, आज वार कोनता?"

"बुधवार. आज बाजाराला जायचं म्हनून सकाळपून कोकलायले मी."

त्यानं भिंग आणखी खाली नेलं. तारीख बरोबर, महिना बरोबर, साल गेल्या वर्षीचं.

घड्याळ म्हणजे काय हे पूर्णा जंक्शनात सितारामला कुणी शिकवायची गरज नव्हती. रोज दुपारी चारला कंट्रोल ऑफिसकडून लाइनीवर टाइम सिग्नल यायचा. त्या ठोक्याला सगळ्या स्टेशनांतली घड्याळं मिळवायची, रजिस्टरला लिहायचं, सही करायची. एका बाबूनं पाच मिनिटांची थाप रजिस्टरात मारली म्हणून त्याला चार्जशीट मिळालेली सितारामनं डोळ्यांनी बघितली होती. घड्याळ मागं पडतं, पुढं पळतं, सेल मेला तर भलत्याच सालात जाऊन बसतं. पण मिनिटाचाही फरक न पडता बरोब्बर एक वर्ष मागं? आणि वेळ आपोआप मिळवायचं बटणही कुणीतरी बंद केलेलं?

"ह्ये बोट घातल्याबिगर हुत न्हाई," तो म्हणाला. "माझ्या लॅपटॉपला हात कुनी लावला?"

"मी न्हाई बाई," केशरबाई म्हणाली. मग मेथीची काडी हातात तशीच राहिली. "रविवारी भगवानराव बसले व्हते की तासभर. जयंतीचं निमंत्रण टाइप करायचंय म्हनले. तुमी विहारात गेलता. मी च्या दिला त्यास्नी, बिस्कुटं दिली."

भगवानराव वाचनालयाचे सचिव. मऊ बोलणारे, पांढऱ्या शर्टाची घडी कधी न मोडणारे. सितारामनं लॅपटॉपमधल्या फायली तारखेनुसार लावल्या आणि खाली खाली जात राहिला. निमंत्रण कुठंच नव्हतं. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत मात्र भाचीच्या लग्नाचे फोटो होते. धम्मशीलाचं लग्न, वालूरला. पंगतीचे फोटो, मंगल परिणयाचे फोटो, गुलाबी फेटा बांधून घामाघूम झालेला सिताराम स्वतः. आणि त्या फोटोंच्या मधोमध, आठ फेब्रुवारी अशीच तारीख घेऊन, एक फाइल बसली होती. तिचं नाव होतं 'ठराव'.

त्यानं ती उघडली. वाचनालयाचं शीर्षपत्र, जे फक्त ह्याच लॅपटॉपात होतं. समितीची सभा, दिनांक आठ फेब्रुवारी. वाचनालयाची जागा भगवानरावांच्या जावयाला मोबाइलच्या दुकानासाठी अकरा वर्षं देण्याचं सर्वानुमते ठरलं. हजर सभासद पाच. चौथं नाव सिताराम खिल्लारे.

साल मागं का नेलं ते त्याला तिथंच कळलं. गेल्या एप्रिलात सर्वसाधारण सभेनं नियम केला होता, की सभासदांना विचारल्याशिवाय ही जागा कुणालाही द्यायची नाही. तो नियम मांडणारा माणूस सितारामच. म्हणून ठराव एप्रिलच्या आधीचा पाहिजे होता.

केशरबाई खांद्यावरून वाकून बघत होती. तिला वाचता कमी यायचं, पण फोटो दिसत होता आणि तारीख सितारामनं मोठ्यानं वाचली होती.

"आता गं बया! म्हंजी तुमी एकाच दिशी वालूरला जिलबी बी वाढायलते आन् हितं मिटिंगला बी बसलते?" ती म्हणाली. "आन् रविवारी मी ह्याच खोलीत बसून धम्मशीलाला फोन केला, लग्नाला वरीस झालं म्हनून. भगवानराव ऐकत बसलते. माझा च्या पीत पीत!"

सितारामचे कान तापले. चोरी करायची तर करा, जगात काय कमी होते? पण माझ्या घरात, माझ्या लॅपटॉपवर, माझ्या बायकोच्या हातचा चहा पिऊन, माझीच खोटी हजेरी! आणि वर तीन दिवस त्या दोन बोटांच्या करामतीपायी मी नागेशला शिव्या घातल्या!

"आधी ती तारीख नीट करा," केशरबाई म्हणाली. "यादी धाडा. उद्या पाच वाजता दार बंद हुतंय तुमचं."

"न्हाई. दोष दाखवल्याबिगर लाइन जोडायची न्हाई. हाय तसा घिऊन जातो. तुझा मोबाइल दे."

"पुन्हा माझाच?"

चारच्या सुमाराला तो वाचनालयात शिरला तेव्हा खोली भरलेली होती. कडेच्या टेबलाशी भगवानराव रजिस्टर घेऊन बसलेले, आणि शेजारी अध्यक्ष तात्याराव, ऐंशीच्या पुढचे, कानाला मशीन.

"जय भीम, सितारामभाऊ. या, बसा," भगवानराव म्हणाले.

"जय भीम. बसायला न्हाई आलो. भगवानराव, आज तारीख कोनती?"

"अकरा."

"साल?"

भगवानराव हसले. "आसं काय इचारता भाऊ? तब्येत बरी हाय ना?"

"माझी बरी हाय. ह्याची बिघडवली तुमी." सितारामनं लॅपटॉप टेबलावर ठेवून उघडला. एका बाजूला ठराव, एका बाजूला गुलाबी फेट्यातला स्वतःचा फोटो. "तात्याराव, बगा. आठ फेब्रुवारी. ह्यो मी वालूरला. आन् ह्यो बी मीच, हितं, तुमच्या शेजारी बसून हात वर करायलोय."

तात्यारावांनी चष्मा वर केला, खाली केला. "पर भगवानराव, मला तर तुमी म्हनलात सितारामचा होकार हाय. गेल्या साली ठरलंच व्हतं, निस्तं कागदावर घ्यायचं राहिलं म्हनून. मी सही केली की काल!"

पोरांनी पुस्तकं मिटली.

"चुकून झालं आसंल," भगवानराव म्हणाले.

"चुकून? चुकून बोट साल शोधत जातंय व्हय?"

"जावई म्हनला..." भगवानरावांचा मऊ आवाज पहिल्यांदाच अडखळला. "जावई म्हनला, कॉम्प्युटर फायलीवर तारीख मारतो. उद्या कुनी तपासलं तर नवी तारीख दिसंल. म्हनून जरा... आन् मागं आणायचं ध्यानातून गेलं."

मागच्या टेबलावरून एक पोरगी म्हणाली, "काका, आमच्या खुर्च्या बी गेल्या वर्षीच गेल्या का मग?" दोघीतिघी फिसकन हसल्या, आणि मग कुणीच हसलं नाही.

भगवानरावांनी खिशातून सही झालेला कागद काढला आणि फाडायला दोन्ही हात वर केले.

"फाडू नका!" सिताराम असा गरजला की तात्यारावांच्या कानातलं मशीन शिट्टी वाजवू लागलं. "त्यो कागद रजिस्टरात ऱ्हाईल, खोटा म्हनून. समितीतली तिघं हजर हायती, कोरम झाला. आत्ताच्या आत्ता मिटिंग घ्या. तुमच्या जावयाचा अर्ज तोंडी मांडा. मी विरोध करतो, तात्याराव काय म्हनत्याल ते म्हनतील, ही पोरं साक्षीला हायती. आन् तुमच्या हातानं लिवा, जे झालं ते."

"माझा बी विरोध," तात्याराव म्हणाले. "आन् माझी कालची सही मी मागं घेतो, त्ये बी लिवा."

भगवानरावांनी रजिस्टर पुढं ओढलं. पेनाचं टोपण काढायला त्यांना बराच वेळ लागला.

तोवर सितारामनं केशरबाईच्या मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडलं, घड्याळाच्या खान्यात गेला आणि साल पुढं आणलं. आपोआप वेळ मिळवायचं बटण चालू केलं. चार वाजून दहा-बारा मिनिटं झाली होती. लाल त्रिकोण गेला. अहवालाचं पान असं उघडलं जसं काही त्याला कधी दुखलंच नव्हतं. तेवीसशे पुस्तकांची यादी त्यानं जोडली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली, आणि सिताराम कमरेवर हात ठेवून तिच्यावर पहारा देत उभा राहिला. त्याचा राग अजून तसूभर उतरला नव्हता. तो पट्टीवरही डोळे वटारून बघत होता.

पट्टी पुरी भरली. पोचपावतीचा नंबर आला. त्यानं तो पिवळ्या वहीत उतरवून घेतला.

कडेच्या टेबलाशी भगवानरावांनी 'समितीची सभा, दिनांक अकरा फेब्रुवारी' इथपर्यंत लिहिलं होतं. पेन तिथंच थांबलं होतं.

"लिवा की," सिताराम म्हणाला. "का आता साल बी मीच सांगू?"