अँटेनाखालच्या मावशी

त्यांना सगळे खालच्या मावशी म्हणत. त्यांचे यजमान लोकांच्या छपरांवर चढून टीव्हीची अँटेना बसवत आणि मावशी खाली टीव्हीपुढे उभ्या राहून चित्र आलं की नाही ते सांगत, म्हणून हे नाव. यजमानांना लोक काडीवाले म्हणत. त्या माणसाने उभ्या जन्मात कुणाच्या संसारात काडी घातली नव्हती, पण अँटेनाच्या काड्यांमुळे नाव चिकटलं ते चिकटलंच.

एकतीस वर्षं दोघांचं असं चाललं होतं. पूर्वी मावशी खिडकीतून ओरडून सांगत. "आलं! गेलं! अहो, होतं तिथेच या परत! तिकडे नाही हो, अलीकडे!" सगळ्या गल्लीला कळायचं की कुणाकडे तरी अँटेना लागतेय, आणि समोरच्या खिडक्यांतूनही चार सल्ले यायचे. पुढे केबल आली, डिशच्या छत्र्या आल्या, आणि काडीवाले पंखे, इस्त्र्या दुरुस्त करून दिवस काढू लागले. अलीकडे मात्र पुन्हा बोलावणी यायला लागली होती. दर महिन्याला पैसे भरून कंटाळलेल्या लोकांना कुणीकुणी सांगितलं होतं की हवेतून फुकट येणारी चॅनेलं अजून आहेत, आणि आता ती आरशासारखी स्वच्छ दिसतात. छपरावर एकदा अँटेना लावली की झालं.

आता ओरडावंही लागत नसे. दोघांकडे एकेक फोन होता. काडीवाले कानात फोनचं बोंडुक घालून, हात मोकळे ठेवून वर चढत, मावशी खाली फोन कानाला लावून उभ्या राहत. टीव्हीच्या पडद्यावर सिग्नलची पट्टी आणि तिच्यापुढे आकडा येई. काडीवाले अँटेना केसभर फिरवत आणि विचारत, "किती?" मावशी आकडा सांगत.

आणि इथेच सगळी गोम होती. गेल्या थंडीपासून मावशींना तो आकडा दिसत नव्हता.

सुरुवातीला त्यांना वाटलं, चष्मा पुसायला हवा. पुसला. मग वाटलं, चष्मा बदलायला हवा. मग एके दिवशी आमटी ढवळताना त्यांच्या लक्षात आलं की वाफ तर केव्हाच विरली आहे, आणि धूसर दिसायचं काही जात नाहीये. मोतीबिंदू असणार, हे त्यांना न सांगताही कळलं. आजकाल त्याचं कुणाला काही वाटत नाही. लोक सकाळी शस्त्रक्रियेला जातात, दुपारी घरी येतात. पण मावशींच्या थोरल्या बहिणीचा एक डोळा त्याच शस्त्रक्रियेनंतर चिघळून कायमचा गेला होता. नुसतं डॉक्टर म्हटलं तरी मावशी विषय बदलत.

पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. डोळ्यांचं कळलं तर नवरा म्हणणार, तू घरी बस. घरी बसणं म्हणजे काय ते मावशींना माहीत होतं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं त्या घरीच होत्या. नवरा कुठल्याशा उंच छपरावर, आणि ही इकडे दाराच्या कडीचा आवाज झाला तरी दचकतेय. जरा उशीर झाला की तो पडलेला डोळ्यांपुढे दिसायचा, कधी पत्र्यावरून, कधी शिडीवरून. एकदा नवऱ्याचा मदतनीस आला नाही म्हणून त्या सोबत गेल्या, आणि मग कायमच जाऊ लागल्या. खाली उभं राहिलं की त्याचा आवाज कानावर येतो. आवाज येतोय म्हणजे माणूस उभा आहे. एवढ्या एका गोष्टीवर मावशींचा जीव एकतीस वर्षं थाऱ्यावर राहिला होता. आता तो वर, आणि आपण घरी? तेही त्याच्या अडुसष्टाव्या वर्षी, उजवा गुडघा असा दुखत असताना?

म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. नव्या टीव्हीत सिग्नल कमी पडला की चित्राचे चौकोन होतात आणि आवाजही तुटतो. मावशी कानांनी काम चालवू लागल्या. आवाज सरळ आला की अंदाजाने सांगायच्या, "सत्तर. नाही, बाहत्तर." बहुतेक वेळा निभावून जाई. दोन ठिकाणी नाही गेलं. एका गोदामवाल्याचा आणि एका शिंप्याचा फोन आला की वारा सुटला की चित्र थांबतं. काडीवाले दोन्हीकडे पुन्हा चढले. गोदामावर तर दोनदा.

*

त्या दिवशीचं काम एका शाळेतल्या बाईंकडे होतं. तिमजली इमारत, वरच्याच मजल्यावरचं घर, डोक्यावर गच्ची आणि गच्चीवर पाण्याची टाकी. बाईंनी दार उघडलं तेच तोंडावर बोट ठेवून.

"जरा हळू हं. आमचे हे बेकरीत रात्रपाळीला असतात. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"काही काळजी नको," काडीवाले कुजबुजले. "आम्ही मांजराच्या पावलांनी काम करतो."

ते पाइप आणि अँटेना घेऊन जिन्याने वर गेले. बाईंनी टीव्ही लावला आणि लगेच रिमोटने आवाज बंद केला.

मावशी चटकन पुढे झाल्या. "बाई, आवाज थोडा ठेवला असता तर..."

"अहो, नको. त्यांची झोप फार सावध आहे. आणि तुम्हाला काय, चित्रच बघायचं ना?"

"हो, हो. चित्रच." मावशी हसल्या. त्यांचं त्यांनाच ते हसणं खोटं वाटलं.

बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर परीक्षेचे पेपर तपासायला जाऊन बसल्या. मावशी टीव्हीपासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. पडद्यावर निळसर काहीतरी होतं, त्यात एक आडवा पट्टा. त्याच्या टोकाला आकडा असणार. तिथे नुसता पांढरा धुरळा दिसत होता.

"हं, किती?" फोनमध्ये काडीवाल्यांचा आवाज आला. मागे वारा घुमत होता.

"थांबा, हलतोय आकडा." हे बोलायला सोपं होतं. त्यांनी पट्टी मोजायचा प्रयत्न केला. अर्ध्याच्या थोडी पुढे वाटत होती. "पंचावन्न असेल."

"असेल काय? आहे की नाही?"

"आहे, आहे."

"समोरच्या इमारतीवर नवीन पत्र्याचं छप्पर घातलंय, सिग्नल त्यावर आपटून येतोय बहुतेक. मी जरा कडेला सरकतो. सांग हं."

कडेला सरकतो म्हणजे कठड्याला लागून. वर पोचताच काडीवाल्यांनी फोनवर सांगितलं होतं, कठडा जेमतेम गुडघ्याएवढा आहे. त्या टीव्हीकडे अशा बघू लागल्या, जणू नजरेच्या जोरावर तो आकडा बाहेर ओढून काढणार होत्या.

"आता?"

"तेवढाच."

"आणि आता?"

"थोडा... थोडा वर गेला."

"थोडा म्हणजे? अगं, आकडा सांग ना. इथे वाऱ्याने पाइप हातात राहत नाहीये."

मावशींनी फोनवर तळहात धरला. त्या दबक्या पावलांनी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. "बाई, जरा बघता का? तुम्हाला कसं वाटतंय चित्र?"

बाईंनी लाल पेन हातात धरूनच बाहेर डोकावलं. "मला तर निळी पट्टी दिसतेय आणि काहीतरी आकडे. त्यातलं मला काय कळतंय? तुम्ही जन्मभर हेच करताय. सातवी ब चे पेपर आहेत हो, एकेकाचं अक्षर बघाल तर तुमच्या टीव्हीतल्या मुंग्या परवडल्या म्हणाल." आणि त्या परत आत गेल्या.

किती आकडा आहे, एवढंच विचारायचं होतं. पण त्या तशाच टीव्हीपुढे परत आल्या. तज्ज्ञ म्हणून आलेल्या बाईने हातभर अंतरावरचा आकडा दुसऱ्याला कसा विचारायचा?

"काय गं? गप्प का?"

"काही नाही. बघतेय." समोर सगळं भुरकट, कडेला चमचमणारे ठिपके. मघाचा बाईंचाच शब्द त्यांच्या तोंडून निसटला. "थोड्या मुंग्या आहेत हो अजून. कडेकडेने."

 नुसता वारा ऐकू येत होता.

"मुंग्या?" काडीवाले म्हणाले. "नव्या टीव्हीत मुंग्या कशा येतील? चित्र येतं तरी नाहीतर तुटतं तरी. मुंग्या जुन्या टीव्हीत असायच्या."

मावशींना जीभ चावावीशी वाटली. त्यांनीच हे शंभर गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं होतं. संपलं, असं त्यांना वाटलं. आता कळलंच यांना.

पण काडीवाल्यांचा आवाज आला तो एकदम खचलेला. "नाही, तू म्हणतेस म्हणजे असणार. माझंच काहीतरी चुकतंय. हल्ली माझा हातच गेलाय गं. पूर्वी नुसता पाइप उभा केला की चित्र यायचं. गोदामावर दोनदा चढलो तरी बसलं नाही. शिंप्याकडे तेच. तुला बोललो नव्हतो, पण गेले कितीतरी दिवस मनात येतंय, आता हे काम सोडून द्यावं."

"अहो, असं काय बोलता?"

"खरं तेच बोलतोय. तू खाली आहेस म्हणून चाललंय. तुझ्या डोळ्यांवर तरी भरवसा ठेवता येतो." पाइप कशावर तरी घासल्याचा आवाज आला. "जाऊ दे. आणखी उंची घेऊन बघतो. टाकीला शिडी आहे लोखंडी. तिच्यावर चढतो."

मावशींच्या डोळ्यांपुढे ती टाकी उभी राहिली. खांबांवर उभी, कठड्यालगत. एका हातात पाइप, एका हाताने शिडी, तो गुडघा, हा वारा.  फोनमध्ये पहिल्या पायरीवर बूट वाजला. दुसऱ्या पायरीवर वाजला.

"चढू नका!"

"हळू बोल, तो माणूस झोपलाय."

"झोपू दे नाहीतर उठू दे! तुम्ही चढू नका. मला दिसत नाहीये!"

"काय दिसत नाहीये? चित्र गेलं?"

"चित्र असेल. मलाच दिसत नाहीये. आकडा नाही दिसत, चित्र नाही दिसत. गेल्या थंडीपासून. तुमचा हात चांगला आहे हो. मी... मी अंदाजाने सांगत होते."

स्वयंपाकघरात पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. फोनमध्ये काहीच नव्हतं. श्वाससुद्धा नाही. मावशी "अहो?" म्हणाल्या, मग जोरात "अहो!" म्हणाल्या, आणि मग खिडकीशी धावल्या आणि एकतीस वर्षांपूर्वीच्या आवाजात त्यांनी आभाळाकडे बघून हाक मारली, "अहो! बोला ना!"

आतल्या खोलीचं दार उघडलं. बेकरीवाले विस्कटलेल्या केसांनी बाहेर आले. "काय झालं? कोण पडलं?"

"कुणी नाही," फोनमधून आवाज आला, इतका शांत की मावशींना तो वेगळाच माणूस वाटला. "उतरलोय मी. खाली बसलोय गच्चीवर."

मावशी भिंतीला टेकल्या. 

"बाई आहेत ना तिथे?" काडीवाले म्हणाले. "त्यांना पडद्यापाशी उभं कर. त्या तुला आकडा सांगतील, तू मला सांग."

"त्यांनाच फोन देते ना. कशाला उगाच..."

"फोन तुझ्याकडेच राहू दे."

बाईंनी चष्मा नीट केला आणि पडद्यासमोर उभ्या राहिल्या. बेकरीवाले झोप मोडल्याचं विसरून खुर्ची ओढून बसले. "एकोणसाठ," बाई म्हणाल्या. "एकोणसाठ," मावशींनी फोनमध्ये सांगितलं. "चौसष्ट." "चौसष्ट." "घसरला. साठ." अँटेना टाकीजवळून हलली, गच्चीच्या मधोमध जिन्याच्या भिंतीशी आली, अगदी सुरक्षित जागी. "अठ्ठ्याहत्तर. एक्क्याऐंशी! स्थिर आहे. पहिल्या वर्गात पास."

"एक्क्याऐंशी, स्थिर," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

"तिथेच आवळतो," काडीवाले म्हणाले.

*

परतताना दोघं बसथांब्यावर बसले होते. हत्यारांची पिशवी मध्ये होती. 

"दोनदा चढलो मी त्या गोदामावर," काडीवाले म्हणाले.

"माहीत आहे."

"आणि तू रोज झोपताना माझ्या मनगटाला तेल चोळून देत होतीस. दुखतं का म्हणून विचारत होतीस."

मावशींनी मान खाली घातली.  पडला असता तर काय, याचा धाक त्यांनी जन्मभर बाळगला होता. पण खाली उभ्या राहून आपणच त्याला असं आतून खचवत नेतोय, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. आता ते आलं, आणि जाईना.

"चुकलं माझं," त्या शेवटी म्हणाल्या. "मला घरी बसायचं नव्हतं."

"घरी बस असं मी म्हटलं कधी?"

"म्हटलं असतंत."

काडीवाल्यांनी विचार केला. "म्हटलं असतं," ते कबूल झाले. मग म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे जायचं. परवाचं काम मी पुढे ढकलतो."

"त्यांनी कापायचं म्हटलं तर? ताईचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय."

"पाहिलंय. म्हणूनच तर. मी बाहेर बसेन. दारापाशीच."

"तुम्ही बाहेर बसून काय होणार?"

"काही नाही," काडीवाले म्हणाले. "पण बसेन."

मावशींची भीती काही कमी झाली नाही. उलट आता तिला उद्याचा दिवस मिळाला होता. त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर एक मोठा लाल ढग दिसला आणि घरघरत जवळ यायला लागला. इतके महिने त्या थांब्यावरच्या लोकांच्या हालचालीवरून बस ओळखायच्या.

"कुठली आली हो?" त्यांनी विचारलं.

"आपली नाही," काडीवाले म्हणाले. "बस तू."